पहिला चमचा

आमच्या घरात पहिला चमचा सासूबाईंचा. त्यांनी मीठ चाखून मान डोलावल्याशिवाय कुणाच्या ताटात काही पडायचं नाही. लग्नानंतर माझे बाबा पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा सासूबाईंनी सूप चाखलं, "अळणी! आईबापांनी एवढंही शिकवलं नाही?" म्हणाल्या आणि अख्खं पातेलं बाबांच्या डोळ्यांदेखत सिंकमध्ये ओतलं. बाबा "भूक नाही" म्हणत उठले. परत कधी आले नाहीत, पुढे वारलेच. तेव्हापासून मी डूख धरून आहे, लपवत नाही.

आणि बघा, मूत्रपिंडं बिघडावीत तर नेमकी सासूबाईंची! डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. "मूत्रपिंडात लाखो बारीक गाळण्या. प्रत्येकीतून निघालेली नळी वळून तिच्याच दाराशी येते. तिथल्या खास पेशी नळीतल्या पाण्याचं मीठ जोखतात. जास्त लागलं की आत रक्त आणणारी वाहिनी आवळायला सांगतात, कमी लागलं की सैल सोडायला. रक्त किती गाळायचं, ते असं ठरतं. यांच्या बऱ्याच गाळण्या गेल्यात. मीठ बंद."

"म्हणजे आतही सासूच बसलीय की!" मी म्हणाले. डॉक्टरीणबाई हसल्या, सासूबाई नाही.

घरी पहिला चमचा मी माझ्याकडे घेतला. मीठ नाही ना, बघायला. अळणी वाडगा त्यांच्यापुढे आदळताना काय सुख वाटायचं, सांगू!

एकदा नणंद आली. "आईचे किती हाल करतेस गं," म्हणत तिनं पर्समधून पाकीट काढलं. "कमी सोडियमचं मीठ. पेशंटना चालतं." आणि सासूबाईंच्या सूपमध्ये भसाभस ओतलं.

त्या मिठात पोटॅशियम असतं. अधू मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही, हृदय बंद पडू शकतं, असं डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं. सासूबाईंनी अधाशासारखा चमचा उचलला. मी फक्त गप्प बसायचं होतं. खोटं कशाला बोलू, क्षणभर बसलेही. मग बाबा आठवले. इतक्या स्वस्तात सुटणार ही बाई?

वाडगा हिसकावला आणि सिंकमध्ये ओतला.

"अगं, एक चमचा तरी..." सासूबाई म्हणाल्या.

"विष आहे ते तुम्हाला. पोटॅशियम." नणंद पांढरीफटक पडली. मी दुसरा वाडगा भरला, बिनमिठाचा. "मरायचं नाही, आई. माझ्या हातचं अळणी खात भरपूर जगायचं."

सासूबाई सिंककडे बघत राहिल्या. "तुझे वडील त्या दिवशी उपाशी गेले," त्या हळूच म्हणाल्या.

"हो. तुम्हाला नाही तसं जाऊ देणार."

खुर्ची ओढून मी समोर बसले. वाडगा रिकामा होईपर्यंत उठले नाही.