सातवीसाठी डावा हात

आमच्या मोरिवलीच्या सरकारी शाळेत सातवीचा वर्ग ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. मी तेव्हा सहावीत होते. वर्ग गेला की माझी शाळा संपली, हे घरात ठरलेलंच होतं. माझे बाबा, हरिचंद्र, तसे मऊ माणूस, पण एकदा नाही म्हणाले की चिखलात बसलेली म्हैस उठेल, बाबा उठायचे नाहीत. पुढची शाळा स्टेशनाकडे होती आणि वाट कंपन्यांमधून जायची. कामाची पाळी सुटली की सगळा रस्ता अनोळखी माणसांनी आणि ट्रकांनी भरायचा.

"गावात शाला हाय तवर शिक," बाबांनी सांगून ठेवलं होतं. "त्या रस्त्यानी मी पोर नाय धाडायचा."

सातवीवर गदा आली होती ती आमच्यामुळे, म्हणजे गावातल्या पोरांमुळे. वर्गात दोन तऱ्हेची मुलं होती. एक कोकणातून, देशावरून कंपनीत आलेल्यांची आणि बौद्ध वस्तीतली. यांचे आईबाप ताप असला तरी पोरांना शाळेच्या दारात सोडून जात. दुसरे आम्ही. लावणी आली की आम्ही गायब, कापणी आली की पुन्हा गायब, आणि मग परीक्षेत भोपळा. गावच्या मुलांना सातवी झेपत नाही, असं वर कुणीतरी म्हणालं होतं. म्हणणाऱ्याने कधी कमरेत वाकून दिवसभर रोपं लावली असतील असं मला वाटत नाही.

आमचे भीमराव गुरुजी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून सायकलवर येत. शिक्षणाच्या जोरावर त्यांचं घर वर आलं होतं, त्यामुळे कुणाची शाळा सुटली की त्यांना स्वतःच्या घरात कुणी गेल्यासारखं व्हायचं. साहेबांसमोर प्रश्न गुरुजीच विचारणार, साहेब नुसते बघणार, अशी रीत होती. गुरुजींनी त्यावर एक युक्ती काढली. प्रश्न आला की एकूणएक मुलाने हात वर करायचा. येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा.

"मी उजवेवाल्यालाच उठवीन," ते म्हणाले. "पण एक बी हात खाली दिसला, तर समजा सातवी गेली."

आम्ही रोज सराव केला. अडचण एकच होती, चिमीची. शेजारच्या बुधाजीकाकांची ही चिमी माझ्याच बाकावर बसायची. लावणीला जाऊनही गणितात ती सगळ्यांच्या पुढे, आणि जन्माची डावरी. उत्तर आलं की तिचा डावाच हात उडायचा. गुरुजींनी तिच्या उजव्या मनगटाला काळा दोरा बांधला आणि दोरा असलेलाच हात वर जायला हवा, असं बजावलं. चिमी झोपेतही दोरा चाचपायची म्हणे.

साहेब आले ते पिकलेल्या केसांचे, शांत. शांत माणसाची मला जास्त भीती वाटते. पहिले दोन प्रश्न झाले. सगळे हात वर, उत्तरं बरोबर, दोन्ही वेळा पुढच्या बाकांवरून. मग साहेब खुर्चीतून उठले आणि म्हणाले, आता मी विचारतो. गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"चाळीस मुलांच्या वर्गात दहा मुलं लावणीला गेली. शेकडा किती हजर?"

सगळे हात वर. मला काहीच सुचत नव्हतं, म्हणून माझा डावा. शेजारी बघितलं तर चिमीचाही डावा, आणि काळा दोरा बांधलेला उजवा हात बाकावरच. साहेबांनी बोट नेमकं तिच्याकडे केलं.

"पंचाहत्तर," चिमी म्हणाली.

साहेबांनी तिच्या हाताकडे पाहिलं आणि डावा हात का, म्हणून विचारलं. मी डावरी आहे, ती म्हणाली. खरंच तर होतं. मला वाटलं, वाचलो. पण साहेब वर्गभर नजर फिरवत होते. अर्ध्या वर्गाचे डावे हात अजून हवेतच होते.

"इथे बरेच डावरे दिसतात," ते म्हणाले, आणि त्यांनी मला फळ्याजवळ बोलावलं. खडू पुढे केला. "तूही डावरी ना? हेच गणित करून दाखव."

मी खडू डाव्या हातात घेतला. फळ्यावर एक रेघ उठली, वाकडी. खोटं बोलावं तर गणित येत नाही, खरं बोलावं तर गुरुजी बुडतात. इकडे आड तिकडे विहीर. मला रडू फुटलं आणि त्या रडण्यातच तोंड उघडलं.

"मी डावरी नाही. मला येत नाही म्हणून डावा केला. शेकडेवारी शिकवली तेव्हा मी शेतात होते. सातवी राहिली तर शिकेन. नाही राहिली तर बाबा घरी बसवतील."

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी मान खाली घातली, पण मला गप्प बस म्हणाले नाहीत. मग साहेबांनी दुसरा खडू घेतला आणि फळ्यावर शेकडेवारी पहिल्यापासून मांडली, माझ्यासाठी. मी दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. सातवीबद्दल मात्र एक अक्षर न बोलता ते निघून गेले.

उन्हाळ्याची सुट्टी मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. गावात कुणी म्हणे वर्ग गेला, कुणी म्हणे गुरुजींची बदली झाली. आईने मला नवा विळा आणून ठेवला. तो बघून मी न्हाणीत जाऊन रडले.

जूनमध्ये शाळा उघडली. बाबा स्वतः मला सोडायला आले, खरं तर परत न्यायला. सहावीच्या शेजारच्या, सातवीच्या खोलीला कुलूप नव्हतं. आत भीमराव गुरुजी फळा पुसत होते. बाबांनी दारातून आत पाहिलं आणि ते एकटेच घरी गेले.

गुरुजींनी पहिल्याच तासाला लसावि काढायला घातला. सवयीने सगळ्यांचे हात वर गेले, काही डावे, काही उजवे.

"हात खाली," गुरुजी म्हणाले. "आजपासून येत असेल त्याने गप्प बसायचं. येत नाही, त्यानेच हात वर करायचा. कोणता बी चालेल."

मग मी उजवा हात वर केला.