उंबरेबाबांचा पडदा

दोघी बहिणींतल्या थोरलीच्या मुलाचं लग्न झालं, त्याच वर्षी शहरात उंबरेबाबा अवतरले. सभागृहात मुंगी शिरायला जागा नसे. भक्तांनी मोबाइलवर बाबांचं पान उघडायचं, नाव-पत्ता भरायचा, कार्डाने अर्पण द्यायचं. मग बाबा डोळे मिटून एकेकाचं नाव पुकारत. "घर बदललंस! जुना उंबरा तुला धरून बसलाय. अर्पण परत आलं बघ!" मोबाइलवर खरोखरच 'अर्पण नाकारले' असं उमटलेलं असे. मग हजारो रुपयांची उंबराशांतीची पूजा. रोख.

थोरलीची धाकटी बहीणही अशीच हादरली. तिचं हृदय कमकुवत, गोळ्यांवर चाललेलं. नुकतीच ती नव्या घरात राहायला गेली होती. बाबा म्हणाले, उंबरा सुटेपर्यंत औषध अंगी लागणार नाही, बंद कर. तिनं केलं. पाय सुजले, जिना चढताना धाप लागू लागली.

"ताई, मी चकार शब्द काढला नव्हता. त्यांना कळलं कसं?"

थोरली बुटांच्या ऑनलाइन दुकानात अडकलेल्या ऑर्डरी सोडवायची. तिनं एवढंच विचारलं, "पत्ता कुठला टाकलास?"

"नव्या घराचा."

"बँकेला कळवलास?"

"राहूनच गेलं गं."

थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. "चल. मलाही दर्शन घ्यायचंय."

सभागृहात तिनं मुद्दाम घराचा क्रमांक आणि पिनकोड चुकीचा टाकला. बाबांनी डोळे मिटले. कानाजवळचे केस सारखे केले. थोरलीचं नाव पुकारून कळवळून म्हणाले, "माउली, नवं घर लाभलं नाही तुला! जुना उंबरा ओढतोय!"

"कुठला जुना, बाबा?"

"जो सोडून आलीस तो!"

"जन्मले त्याच घरात म्हातारी झाले मी. नवरासुद्धा घरजावई आणला!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. थोरली तरातरा व्यासपीठावर चढली आणि तिनं मागचा पडदा ओढला. लॅपटॉपसमोर चेला बसलेला, ओठांशी माइक.

"हा तुमचा उंबरा!" ती गर्दीकडे वळली. "कार्डाने पैसे देताना आपण टाकलेला घर क्रमांक आणि पिनकोड बँकेकडे जातो. बँक आपल्या नोंदीशी ताडून दुकानदाराला कळवते, जुळतं की नाही. कार्ड चोरणाऱ्याला पकडायची सोय आहे ती. घर बदलून बँकेला न कळवणाऱ्याचंही जुळत नाही. ते हा पोरगा वाचतो, पैसे नाकारतो आणि बाबाच्या कानातल्या यंत्रात सांगतो. धाकटे, जुना पत्ता टाक."

धाकटीनं टाकला. 'अर्पण स्वीकारले.'

"सुटला गं उंबरा! शांती नको, काही नको!" थोरली म्हणाली.

बाबा मागच्या दाराकडे सरकले. थोरलीनं त्यांचा झगा मुठीत धरला आणि चेल्याचा माइक त्यांच्या तोंडाशी नेला. "माझ्या बहिणीला सांग, गोळ्या घे."

"घे... गोळ्या."

"मोठ्यानं! औषध बंद करायला सांगताना घसा बसला नव्हता तुझा."

तीनदा वदवून घेतलं, तेव्हा पोलिसांच्या हवाली केलं. बाबा रडत होते. तिला ते कमीच वाटलं.

बायांनो, बापड्यांनो, कुणी न सांगता तुमचं काही ओळखलं, तर पाया पडण्याआधी विचारा, याला कळलं कुठून? आणि डॉक्टरच्या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका.

धाकटीनं त्याच रात्री गोळ्या सुरू केल्या, पण हृदय पार थकलं होतं. त्याच वर्षी, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, ती वारली.