जमादार आणि कार्यमुक्तीचं पत्र

सुदर्शनच्या बदलीचा आदेश दोनदा आला आणि दोनदा फायलीत जाऊन झोपला. कन्नड तालुक्यात, त्याच्या गावापासून चार किलोमीटरवरचा जनावरांचा दवाखाना मिळाला होता. पण बदली होणं वेगळं आणि जुन्या जागेवरून सुटून कार्यमुक्त होणं वेगळं, हे सरकारी चाकरी केलेल्यालाच कळतं. आणि त्याच्या वाटेत आडवं कोण आलं होतं? एक गाढव!

जमादार त्याचं नाव. शहरातल्या छावणीच्या पलीकडं सुदर्शन ज्या खेचर पैदास केंद्रात कामाला होता, तिथला एकुलता एक नर. त्याचं वीर्य काढायचं, थंड करून नळीत जपायचं आणि गावोगावच्या माजावर आलेल्या घोडींना भरायचं, की खेचरं होतात. सलग दुसरा दुष्काळ. गावात चारा नाही, पाणी नाही. शहर मात्र फुगतच चाललेलं. वीटभट्ट्यांना खेचरं कमीच पडत. केंद्राच्या चारी बाजूंनी फ्लॅट उठले होते, आणि जमादार ओरडला की गॅलरीतून बाया शिव्या घालायच्या. पठ्ठ्याला फिकीर नाही. सुदर्शन जवळ असला तरच तो कामाला तयार. दुसऱ्या कुणी दोरी धरली की कान पाडून दिवसभर ढिम्म.

इकडं गावाकडं सुदर्शनचे वडील, तात्या, अर्धांगवायूनं खाटेला खिळलेले. बायको मोनिका एकटी. टँकर आला की तिला तात्यांना तसंच टाकून पळावं लागे. मागच्या महिन्यात ती हंडे घेऊन परतली, तर म्हातारा खाटेवरून पडलेला, तोंड मातीत. ते ऐकल्यापासून केंद्राचं फाटक नुसतं दिसलं तरी सुदर्शनचा जीव गुदमरायचा.

केंद्राच्या प्रमुख डॉक्टर दमयंती मॅडमनी शब्द दिला होता, "जमादार दुसऱ्याच्या हातानं चालू दे. त्याच दिवशी सही करते."

दुसरा म्हणजे कचरू. गाईंच्या रेतन केंद्रात बारा वर्षं काढलेला, मायाळू माणूस. सुदर्शननं त्याला महिनाभर शिकवलं. जमादारला कुठं खाजवायचं, कवा गप बसायचं, शीळ कशी घालायची. आपला न धुतलेला सदरासुद्धा त्याच्या अंगात घातला. आणि गुरुवारी सकाळी, काय सांगावं, जमादारनं कचरूचं ऐकलं! मॅडमनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. "वा! नुसती पळापळ आहे," म्हणाल्या आणि कार्यमुक्तीच्या पत्रावर सही ठोकली. सुदर्शननं लगेच मोनिकाला फोन केला. संध्याकाळच्या गाडीनं निघतो, म्हणाला.

तीनच्या सुमाराला तो आपला डबा घ्यायला प्रयोगशाळेत गेला. बर्फाच्या पेटीत जमादारच्या सकाळच्या वीर्याच्या दोन्ही नळ्या गळ्यापर्यंत रोवलेल्या.

"कचरूभाऊ, ह्या कवा ठेवल्या?"

"सकाळीच की! भरल्या भरल्या." कचरू खुशीत होता. "गाईंच्या रेताच्या कांड्या तर नायट्रोजनमधीच ऱ्हातात जन्मभर. जेवढं थंड तेवढं टिकतं, व्हय का नाय?"

सुदर्शननं कपाळावर हात मारला. गाढवाचं वीर्य एकदम गारठलं की मरतं. नळी कोमट पाण्याच्या ग्लासात उभी करायची, ग्लाससकट फ्रिजात ठेवायची. दोन तासांत हळूहळू पाच अंशांवर येते. हे त्याचे हात रोज करत होते. सांगायचं सुचलंच नाही. शिकवायचं ते गाढव सांभाळणं, एवढंच डोक्यात धरून बसला आणि फसला.

त्यानं एक थेंब काचेवर घेतला. काहीच हलत नव्हतं.

पहाटे मॅडम ह्याच नळ्या घेऊन पैठणकडं, पुंजाराम शेतकऱ्याच्या घोडीला भरायला जाणार होत्या. घोडीचा माज उद्यापुरताच. बरगड्या निघालेलं जनावर, टेम्पोनं आणण्याच्या लायकीचं राहिलेलं नाही. ह्या खेपेला गाभण राहिली नाही तर पुंजाराम तिला विकणार होता, आणि तसल्या घोडीला कोण घेतो ते सगळ्यांना ठाऊक. पण दुष्काळात घोडी राहिली नाही, तर दोष दुष्काळालाच जातो. कुणाला कळणार होतं? खिशात पत्र होतं, खांद्यावर पिशवी होती. सुदर्शन फाटकापर्यंत गेलासुद्धा. रिक्षावाल्यानं "कहाँ जाना है भाई?" विचारलं. स्वतःलाच एक कचकचीत शिवी हासडून तो माघारी फिरला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि जमादारला पुन्हा आणायला सांगितलं. कचरूनं शीळ घातली, खाजवलं, हात जोडले. जमादार ढिम्म. शेवटी सुदर्शननं पिशवी खाली ठेवली आणि नुसती हाक मारली, "चल रे." गाढव तुरुतुरु चालत आलं. त्या क्षणी सुदर्शनला त्याचा गळा आवळावासा वाटला.

नवी नळी त्यानंच कोमट पाण्यात उभी केली. मॅडम मागं उभ्या होत्या. आवाज मऊ होता, त्याचाच त्याला जास्त राग आला.

"आज हे निघालं, सुदर्शन. उद्या तुम्ही नसताना काय निघेल? मला सांगणार कोण? एवढा हंगाम जाऊ द्या."

त्यांनी हात पुढं केला. त्यानं पत्र काढून दिलं. भांडता आलं असतं, पण काय म्हणून भांडणार? खरं बोलून त्यानं आपल्याच हातानं दार लावून घेतलं होतं.

सहा वाजता त्यानं मोनिकाला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. वाटलं होतं रडेल, निदान चिडेल.

"बरं," ती म्हणाली. मग हळूच, "अहो, तात्यांनी दुपारधरनं खाट दारात घ्यायला लावलीय. रस्त्याकडं तोंड करून पडलेत. आत न्यायचं म्हटलं तर ऐकंनात. त्यांना काय सांगू?"