मुक्काम वधू सांगेल तिथे

मित्रांनो, मी एक जुना लग्नाचा कागद आहे. घड्यांवर विरलो आहे, एका कोपऱ्यावर चहाचा गोल डाग आहे आणि माझे अक्षर सहसा कोणाला लागत नाही. तरी मला हसू नका. माझ्यावाचून दोन माणसांचे अडलेले मी पाहिले आहे.

माझा जन्म लाराश गावात, तामूच्या वडिलांच्या बैठकीच्या खोलीत झाला. लग्न लिहून घेणारे दोन अदूल आले होते. हे लोक नेहमी जोडीने येतात. एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने मान डोलवायची. लिहिणारे अदूल म्हातारे होते. त्यांची शाई उत्तम, कागद म्हणजे मी त्याहून उत्तम, पण अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वर होता अब्सलाम. किनाऱ्याच्या रस्त्याने तांजाहून अगादीरला जाणाऱ्या बसवर तो तेव्हा कंडक्टर होता.

सगळे लिहून झाल्यावर अदूलांनी रिवाजाप्रमाणे विचारले, "मुली, तुझी काही अट?"

अशा वेळी मुली मान खाली घालतात. तामूनेही घातली, पण खाली मान घालूनच ती बोलली, "मला त्याचा रस्ता बघायचाय. एकदा, पार शेवटापर्यंत. आणि वाटेत मुक्काम मी सांगेन तिथे."

दुसरे अदूल खो खो हसले. तामू लाजून आत पळाली. ही गंमत कोण लिहून घेणार, असे तिला वाटले. पण म्हाताऱ्या अदूलांनी हसण्याकडे लक्ष दिले नाही. त्यांनी ती अट शब्दन् शब्द माझ्यावर उतरवली आणि वराला वाचून दाखवली. बाहेर ढोल आणि सनया नुसत्या दणाणत होत्या. अब्सलामने हसत हसत मान हलवली. त्याला काडीचेही ऐकू आले नव्हते, हे मी शपथेवर सांगतो.

त्यानंतर मी तांजाला आलो आणि चहाच्या पत्र्याच्या डब्यात जाऊन पडलो. पहिली मुलगी झाली तेव्हा मला एकदा बाहेर काढले. कचेरीतल्या बाईने "काय छान कागद आहे!" म्हटले, नुसता शिक्का पाहिला आणि घराला नवरा-बायको-मुलांची नोंद असलेली कुटुंबाची वही दिली. झाले, माझी गरज संपली. लग्नाला अडतीस वर्षे होईपर्यंत मी, एक कुलूप नसलेली किल्ली आणि तीन मोडके चष्मे असे आम्ही गुण्यागोविंदाने राहिलो. तामूला वाचता येत नव्हते. अब्सलामला येत होते, पण कोंबडीच्या पायांपुढे त्याने पहिल्याच ओळीला हात टेकले. माझ्या पोटात ती एक ओळ तशीच राहिली. मला तिचे फार वाईट वाटे.

अब्सलाम कंडक्टरचा ड्रायव्हर झाला. तामू घरी शिवणकाम करी. सकाळी त्याची बस वळणावरून भोंगा वाजवत जाई आणि तामू सुई हातात धरून खिडकीतून बघे. तो निवृत्त झाला, निळी जुनी गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "चल, तुला माझा रस्ता दाखवतो."

तामूने त्याच संध्याकाळी मुक्काम ठरवायला घेतले. तिने मेजावर शिवणाचा दोरा पसरला. तो किनारा. मग भिजत घातलेले चणे घेतले आणि दोऱ्यावर एकेक ठेवत गेली. हा मौले बूसेल्हाम, हा अजेमूर, हा वलीदिया, हा अस्सवीरा, हा अगादीर. सगळीकडे समुद्राकाठची सराई आणि दोघांना एक खोली.

अब्सलाम खजूर खात होता. त्याने एकेक बी उचलून चण्याशेजारी ठेवायला सुरुवात केली. "लाराशला तुझा भाऊ. सलेला माझी बहीण महजूबा. जदीदाला कद्दूर, तीस वर्षं एका बसवर होतो आम्ही. सफीला मीलूद, सख्खा चुलतभाऊ. सराईत उतरलो तर तोंड काय दाखवू त्यांना?"

"आणि त्यांच्याकडे उतरलो तर तू पुरुषांच्या खोलीत घोरणार आणि मी बायकांच्या खोलीत त्यांच्या सुनांची गाऱ्हाणी ऐकणार!" तामू म्हणाली. तिने सगळ्या बिया ओंजळीत भरल्या आणि केरात टाकल्या.

सराईत एक खोली हवी तर लग्नाचा पुरावा दाखवावा लागतो, हे धाकटी मुलगी इक्राम हिने सांगितले. कुटुंबाची वही तिने कसल्याशा अर्जासाठी कचेरीत दिली होती. म्हणून डबा उघडला. मित्रांनो, इतक्या वर्षांनी उजेड पाहिला आणि माझे डोळे दिपले.

अब्सलाम मात्र फुरंगटला. "माझ्या वयाच्या माणसानं काउंटरवर कागद दाखवायचा? मी काय हिला पळवून नेतोय?"

"पळवायचं होतं तेव्हा भोंगा वाजवत बसलास," तामू म्हणाली आणि मला पिशवीत ठेवले.

आम्ही निघालो. पिशवीत अंधार असतो, पण कान उघडे असतात. लाराशला थांबायचे नव्हते. पण गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर तामूचा भाऊ लारबी नेमका हवा भरत होता. "ताई! माझ्या दारावरून न थांबता जातेस?" असे त्याने म्हणताच तामूच विरघळली. फक्त चहा घ्यायचा ठरला. चहाबरोबर तारल्या आल्या, तारल्यांनंतर अंथरुणे आली. पुरुष इकडे, बायका तिकडे.

सलेला महजूबाने गाडी पाहताच आनंदाची किलकारी मारली. ती पूर्ण गल्लीला ऐकू गेली. तिथे पुन्हा इकडे-तिकडे. जदीदाला कद्दूरने तर गाडीची चावीच काढून घेतली आणि सकाळच्या न्याहारीनंतर दिली. तीन रात्री अशा गेल्या. तामूचे बोलणे कमी झाले. तिची पिशवी मांडीवर घट्ट धरलेली असे, त्यावरून मला कळे.

आता एक गोष्ट मला सांगितली पाहिजे, जरी ती अब्सलामला शोभणारी नाही. कद्दूरच्या घरी न्याहारीनंतर तामू हात धुवायला गेली, तेव्हा अब्सलामने पिशवीतून मला काढले आणि गाडीत, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या ऊन अडवणाऱ्या पट्टीमागे सरकवले. कागद नसला की सराई नाही, सराई नाही की सफी, सफीत मीलूद. असा साधा हिशोब. मला बोलता येत असते तर मी तिथेच त्याचा कान पकडला असता.

दुपारी वलीदिया आले. कालवांच्या होड्या, शांत खाडी आणि पांढरी छोटी सराई. तामूने खाली उतरून एक मोठा श्वास घेतला. गाडी दारालाच लावली होती आणि काच उघडी होती, त्यामुळे मी सगळे ऐकले.

काउंटरवर रबाब नावाची तरुण मुलगी होती. नोकरीला आठवडाही झाला नव्हता, त्यामुळे नियमाची भारी पक्की. ती लाजत, वडीलधाऱ्या बाईला हाक मारावी तशी म्हणाली, "लाल्ला, तुम्हाला विचारायला मलाच कसंतरी होतंय. पण एका खोलीसाठी लग्नाचा कागद लागतो."

"आहे की!" तामू ऐटीत म्हणाली. पिशवीतून कंगवा निघाला, दोऱ्याची रिळे निघाली, गुडघ्याचे मलम निघाले, ऑलिव्हची पुडी निघाली. मी कुठून निघणार?

"दोन खोल्या देते ना," रबाब म्हणाली. "एक वर, एक खाली."

अब्सलामने घसा खाकरला. "राहू दे बाळ. सफी काय, तासाभरावर. मीलूदला फोन करतो."

तामूने सगळे पुन्हा पिशवीत भरले. ती बाहेर आली आणि गाडीशेजारच्या बुटक्या भिंतीवर बसली. अब्सलाम मागोमाग आला. तिने त्याच्याकडे पाहिले नाही, खाडीकडे पाहत बोलली.

"मीलूदकडे जायचं असेल तर जा. मी वरच्या खोलीत एकटी झोपते. अब्सलाम, अडतीस वर्षं तू या रस्त्यावर होतास आणि मी खिडकीत. मला कोणाच्या सुना नकोत, कोणाच्या तारल्या नकोत. मला डोळे उघडल्यावर समुद्र हवाय आणि शेजारी तू. एवढंच. फार मागतेय का मी?"

ड्रायव्हर माणूस, आयुष्यात हजार वेळा गाडी मागे घेतली असेल. पण शब्द मागे घेणे त्याला जमत नव्हते. तो गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला गेला. मग दार उघडून त्याने पट्टीमागे हात घातला आणि मला तिच्या मांडीवर ठेवले.

"मीच लपवला होता."

तामूने आधी मला पाहिले, मग त्याला. "गाढवा!" ती म्हणाली. आणि डोळे पुसता पुसता तिला हसू फुटले.

आत रबाबने मला उजेडात धरले, उलटे धरले, फोनचा दिवा लावला. "यात काय लिहिलंय? मला तर तुमचं नावही सापडत नाही." ती आतल्या खोलीकडे वळून ओरडली, "आजोबा! जरा या!"

तिचे आजोबा हाज मक्की काठी टेकत आले. त्यांनी मला पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! माझे वडील अदूल होते. या कोंबडीच्या पायांमागे धावतच मी लहानाचा मोठा झालो." ते खुर्चीत बसले आणि मला मोठ्याने वाचू लागले. मित्रांनो, अडतीस वर्षांत मला पहिल्यांदाच कोणी वाचत होते! बापांची नावे झाली, साक्षीदार झाले. आता ते त्या ओळीपाशी आले आणि थबकले. त्यांनी चष्मा पुसला.

"'वधूची अट अशी की, वराने तिला एकदा किनाऱ्याच्या रस्त्याने शेवटपर्यंत न्यावे. वाटेत मुक्काम वधू सांगेल तिथे. वराने ही अट हसतमुखाने मान्य केली.'"

तामू हलक्या आवाजात म्हणाली, "म्हणजे लिहिलं होतं त्यांनी?"

"काळ्यावर पांढरं नाही, पांढऱ्यावर काळं," हाज मक्की म्हणाले. "काय हो, हसतमुख नवरदेव?"

अब्सलामच्या कपाळाला घाम आला. "ढोल वाजत होते हो! मला वाटलं, शतायुषी व्हा वगैरे म्हणतायत!"

रबाब तोंडावर हात धरून हसत होती. हाज मक्की गंभीर चेहरा करून म्हणाले, "ढोलाची सबब चालत नाही. अट ती अट." तामूने भर घातली, "आणि तीन रात्री आधीच चुकवल्यास!"

तेवढ्यात अब्सलामचा फोन वाजला. सफीहून मीलूद! बसच्या घरघरीतही ऐकू यावा असा त्याचा फोन, पलीकडचे बोलणे सगळ्या सराईला ऐकू येत होते. "कुठे आहेस? कद्दूर म्हणाला तुम्ही येताय, सकाळपासून ताजीन चुलीवर रटरटतंय!"

अब्सलामने तामूकडे पाहिले. तिने नजर वळवली नाही, भुवईही उचलली नाही. तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "मीलूद, माफ कर भावा. येता येणार नाही. लग्नाच्या कागदात लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"ते अदूलांना विचार!" म्हणून त्याने फोन ठेवला. महजूबा, कद्दूर आणि लारबी तिघांनाही संध्याकाळपर्यंत बातमी पोचली, आणि कोणी रागावले नाही. कद्दूरने तर आपला कागद शोधायला घरदार उलथेपालथे केले म्हणतात. कागदाच्या पोटात काय निघते याची त्याला धाकधूक होती.

सकाळी तामूने डोळे उघडले तेव्हा खिडकीत समुद्र होता आणि शेजारी अब्सलाम घोरत होता. मी मेजावर होतो, मी साक्षीदार आहे. ती बराच वेळ दोघांकडे आलटून पालटून बघत राहिली.

पुढे सफीत आम्ही भोंगा वाजवून मीलूदला हात केला. अस्सवीराला दोन रात्री राहिलो, कारण वधूने तसे सांगितले. आणि एके दिवशी रस्ता अगादीरला पोचला. अट पुरी झाली. सज्जात बसून दोघे भाजलेले चणे खात होते. तामू जरा हिरमुसून म्हणाली, "परतीचं कागदात काही नाही. परतीचे मुक्काम तुझे."

मला वाटले, आल्या आता खजुराच्या बिया.

अब्सलामने मला मेजावर पसरले आणि हाताने माझ्या घड्या सरळ केल्या. तिच्या पिशवीतून दोरा काढून माझ्यावर आडवा ठेवला. मग पुडीतून एक चणा घेतला, दोऱ्यावर मोजूनमापून ठेवला आणि म्हणाला, "वलीदिया."

"आणि मीलूद? कद्दूर? तुझी बहीण?"

"त्यांच्याकडे चहा," अब्सलाम म्हणाला. "मुक्काम नाही."

परत वलीदियाला पोचलो तेव्हा तामू आपणहून मला काउंटरवर ठेवू लागली. रबाबने किल्ली आधीच काढून ठेवली होती. "राहू द्या, लाल्ला," ती म्हणाली, "तो मला पाठ झालाय." एवढा मोठा मान मला पूर्वी कधी मिळाला नव्हता, आणि तोही घडी न उलगडता!

आता मी पत्र्याच्या डब्यात राहत नाही. निळ्या गाडीत पट्टीमागे असतो, कधीही निघायच्या तयारीत. उन्हाने शाई थोडी फिकी होते, म्हणून तामूने मला जुन्या शर्टाचे कापड शिवून झबले घातले आहे. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. माझ्यावर चहाचे पेले ठेवू नका, मला घडीवर घडी घालू नका. आणि घरात एखादा जुना कागद डब्यात पडला असेल, तर ज्याला वाचता येते त्याला गाठा आणि घरच्यांसमोर मोठ्याने वाचून घ्या. त्यावेळी ढोल तेवढे वाजत नाहीत ना, हे आधी बघा.