तिरप्या ओळी

भुजंगनं लेबलं छापण्याचा प्रोग्राम नव्या मशीनवर चढवला आणि त्याच दिवशी ओळी जिन्यासारख्या उतरायला लागल्या. वाणाचं नाव डावीकडे नीट यायचं. पण लॉट नंबर त्याच्या बरोबर खाली न येता, नाव जिथं संपलं तिथून सुरू व्हायचा. उगवणीचा आकडा आणखी उजवीकडे. शेवटची ओळ तर कागदाबाहेरच.

जालना एमआयडीसीतला हा बियाण्यांचा कारखाना हुकमचंद शेठांचा. डॉस प्रणालीवर चालणारं जुनं मशीन थकलं, म्हणून शेठांनी युनिक्स प्रणालीचं आणलं होतं. संगणकाच्या खोलीत भुजंग एकटाच असायचा. बाहेर बी चाळणाऱ्या यंत्रांचा धडधडाट, आत पंख्याची घरघर. तो दिवसभर काय लिहितो, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"प्रिंटर बिघडला काय रे?" शेठांनी दारातूनच विचारलं.

"न्हाई शेठ. जुन्या मशीनला लावला की बराबर छापतो."

"मंग जल्दी बघ. माल अडकून पडलाय."

भुजंगनं केबल बदलली, प्रोग्राम पुन्हा पुन्हा वाचला. चूक दिसेना. दुपारी नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून त्यानं बंगलोरला वसंताला फोन लावला. औरंगाबादच्या क्लासमध्ये दोघं एकाच कीबोर्डवर प्रोग्रामिंगची सी भाषा शिकले होते. एक अडला की दुसरा हसत हसत चूक शोधून द्यायचा.

"वसंता, लेबलं तिरपी येऊन राह्यली रे. प्रोग्राम तोच, प्रिंटर तोच..."

"अरे, सी सोडून जमाना झाला. आता मी माणसं सांभाळतो." मागून कुणीतरी त्याला इंग्रजीत हाक मारली. "तुला नंतर फोन करतो, हं."

कुठल्या नंबरवर, हे विचारायच्या आत फोन बंद झाला.

परतल्यावर भुजंगनं दोन्ही मशीनवर तेच लेबल फाइलमध्ये उतरवलं. मग फाइल बायनरीत, म्हणजे जशीच्या तशी, उघडून एकेका अक्षराचा आकडा दाखवणारा छोटा प्रोग्राम लिहिला. डॉसच्या फाइलमध्ये दर ओळीच्या शेवटी तेरा आणि दहा. युनिक्सच्या फाइलमध्ये नुसता दहा.

तो ताडकन उठला. दहा म्हणजे कागद पुढं सरकव. तेरा म्हणजे छापणारं डोकं डाव्या कडेला आण. त्यानं स्वतः फक्त दहाच लिहिला होता. तेरा डॉस आपल्या पदरचा घालत होतं, युनिक्स घालत नव्हतं.

"सापडलं!" तो ओरडला. पंखा घरघरत राहिला.

त्यानं तेरा आपल्या हातानं घातला. लेबलं सरळ आली. शेठांनी एक पाहिलं, "बराबर," म्हणाले आणि गोदामाकडं वळले.

पिशव्यांवर लेबलं चिकटवणारी झुंबरबाई गठ्ठा न्यायला आली. "सरळ झालं की! काय झाल्तं, साहेब?"

"बाई, खाली सरकणं येगळं अन् कडेला येणं येगळं. हे नवं मशीन नुसतं खाली सरकायला सांगायचं."

"मंग जुनं कसं काय बराबर करायचं?"

त्याचा चेहरा खुलला. कुणीतरी नेमकं तेच विचारलं होतं. त्यानं कोरा कागद ओढला, पेन्सिल घेतली. एवढ्यात बाहेरून हाक आली, "झुंबरबाई, पिशव्या खोळंबल्या!"

"येते बाई," म्हणत ती गठ्ठा काखेत मारून पळाली.

भुजंगनं पेन्सिल खाली ठेवली. मग पुन्हा प्रोग्राम उघडून त्यानं बदललेल्या ओळीशेजारी टीप लिहिली, तेरा का घातला, जुनं मशीन काय करायचं, सगळं सविस्तर, समोर बसलेल्या माणसाला सांगावं तसं.