एका कानाची डॉक्टरीण

युद्धात इस्पितळावर बॉम्ब पडला. त्यात तिचा वॉर्ड गेला, सोबतच्या नर्स गेल्या आणि डावा कान गेला. उजवा वाचला, पण त्यात अष्टौप्रहर शिट्टी वाजायची. ती दादाच्या घरी आली, बॅग पलंगाखाली ढकलली आणि म्हणाली, "मी डॉक्टरकी सोडली." आता ती घराला लागूनच असलेल्या दादाच्या शिलाईच्या दुकानात शर्टांना काजं करायची, तीही वेडीवाकडी. गिऱ्हाइकं बिचारी भिडेखातर गप्प बसायची.

त्या दुपारी वहिनी भिंत धरत दुकानात आली. तिला आठवा महिना होता.

"वन्सं, सकाळपासून बाळ हललंच नाही हो."

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. सुईण नेमकी परगावी गेलेली. "बघत काय बसलीस? तुझी ती नळी काढ!"

नळी म्हणजे पोटावर टेकवून ऐकायचा लाकडी कर्णा. त्याला कान एकच लागतो. पण तिने हातातली सुई काही खाली ठेवली नाही.

"दादा, माझ्या कानात नाही नाही ते वाजतं रे. भास झाला आणि मी 'आहे' म्हटलं तर?"

"भास झाला तरी सांगा," वहिनी रडत म्हणाली, "पण ऐका एकदा!"

दादाने पलंगाखालची बॅग आणली आणि वहिनीला कापड बेतायच्या टेबलावर निजवलं. तिने नळीला उजवा कान लावला. आधी नुसती शिट्टी. मग खोल कुठेतरी ठोके. जीव भांड्यात पडणार, तोच मनात पाल चुकचुकली. हे आईचेच असले तर? भलेभले इथे फसतात.

"दादा, वहिनीची नाडी धर. दर ठोक्याला माझ्या पाठीवर बोट मार."

दादाचं बोट सावकाश पडू लागलं. कानात मात्र दुसरंच कुणीतरी घाईत होतं. बोट एकदा पडेपर्यंत त्याचे जवळजवळ दोन ठोके होऊन जायचे. तिने पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. भास कधी असा नेमाने चालत नाही.

"आहे! चांगलं ठणठणीत आहे!"

दादा चिंध्यांच्या ढिगातच फतकल मारून बसला आणि लहान मुलासारखा रडला. वहिनी डोळे पुसत उठू लागली, तर नणंदेने तिला हाताने दाबून धरलं आणि पुन्हा नळीवर वाकली.

"अजून काय बघताय?" वहिनी घाबरली.

"काही नाही गं, तपासून झालं कधीच. आता आपलं उगीच ऐकतेय. फार बरं वाटतंय मला. पड जरा."