भट्टीवरचे सोवळे पाणी

लाटंबार्शाच्या कृष्णनाथ गावसांची उर्राकीची, म्हणजे काजूच्या दारूची, भट्टी त्या सकाळी नेहमीसारखीच पेटली. फरक एवढाच, की तांब्याच्या भाणात आज काजूचा रस नव्हता, विहिरीचे पाणी होते. त्याची वाफ नळीतून जाऊन गार मडक्यात थेंब थेंब उतरत होती आणि सारे घर ते थेंब कौतुकाने बघत होते. हे पाणी घरच्या मुलीला टोचायचे होते.

मुलीचे नाव सेजल. साखळीच्या एका पतसंस्थेत ती कारकून होती. अंगाने भरलेली, चालायला चपळ, हसली की गालांवर लाली येणारी. तिची सोयरीक कोरगावच्या प्रवीण परबाशी ठरली. साखरपुड्याला प्रवीणच्या आईने, सुमनबाईंनी, बाजारात वांगी दाबून बघावीत तसा तिचा दंड दाबून बघितला.

"चेडू बरां आसा," त्या म्हणाल्या, "पण फोटोत आमचो प्रवीण तिच्यापुढे बारको दिसतलो. वैशाखापर्यंत जरा सुकवा तिका."

सुकवा. बांगडे सुकवतात, सोले सुकवतात, तशी सून सुकवून पोचवायची. आणि प्रवीणच्या सदऱ्याच्या गुंड्या त्याच्याच पोटाने ताणल्या होत्या, ते मात्र खात्यापित्या घराचे लक्षण. त्या बैठकीत शिकलेली माणसे होती, पंचायतीवर निवडून आलेला एक गृहस्थही होता. कोणाच्याही हातातला शिऱ्याचा चमचा थांबला नाही. सेजलच्या आईने, चंद्रावतीबाईंनी, तर हात जोडून हो म्हटले.

उपाय आणला सेजलच्या भावाने. श्रीनाथ म्हापशाच्या एका व्यायामशाळेत जायचा. तिथल्या मास्तराने त्याला इवल्याशा बाटल्या दिल्या, तळाशी चिमूटभर पांढरी पूड असलेल्या. त्याला पेप्टाइड म्हणतात, पाण्यात मिसळून पोटात टोचले की भूक मरते, असे मास्तराने सांगितले. पूड कुठून आली, ते मास्तरालाही ठाऊक नव्हते. पाणी मात्र निर्जंतुक हवे, एवढे त्याने बजावले होते.

असे पाणी औषधाच्या दुकानात मोहोरबंद बाटलीत मिळते. पण डिचोलीच्या दुकानदाराची बायको पडली सुमनबाईंची भाची. तिथे ती बाटली मागितली असती तर संध्याकाळच्या आत कोरगावला कळले असते, की गावसांची मुलगी सुया टोचून बारीक होते आहे. मुलीच्या पोटात काय जाते याची या घराला फिकीर नव्हती. कोरगावच्या कानावर काय जाते याची होती.

श्रीनाथने पेट्रोलपंपावरून बॅटरीत घालायचे पाणी आणले, तेव्हा कृष्णनाथ खवळले.

"बॅटरीचां पाणी माझ्या पोरीच्या आंगात घालतलंस? अरे, घरात भट्टी आसा. आजोबांपासून गाळतव आमी. आमची उर्राक पिऊन कोणाक कधी जंतू बाधले?"

हा युक्तिवाद घराने मान्य केला. जो माणूस थेंब जिभेवर घेऊन उर्राकीचा दर्जा सांगतो, त्याला पाण्याचे कळत नसेल, असे म्हणायची छाती कोणाला होती? त्यांनी भाण चिंचेने लखलखीत घासले आणि पाणी गाळले.

वर चंद्रावतीबाईंनी त्याला सोवळ्यात घेतले. आंघोळ करून त्या ओलेत्याने भट्टीपाशी बसल्या. पाणी देवपूजेच्या मलमलीतून गाळून बाटलीत भरले आणि बाटलीच्या तोंडावर तुळशीचे पान ठेवले. सेजलला त्याच सकाळी पाळी आली होती, म्हणून तिला मागच्या खोलीत बसवले. ज्या पोरीच्या रक्तात ते पाणी जायचे होते, तिच्या हाताने म्हणे ते बाटणार होते. जंतूंना सोवळे कळते अशी या बाईंची खात्री होती.

"आई, एकदा डॉक्टराक विचारूया मगे," सेजल आतून म्हणाली.

"डॉक्टराक सांगलां म्हणजे गावाक सांगलां," चंद्रावतीबाई म्हणाल्या. "तुका लग्न होया मां?"

पतसंस्थेत सहीशिवाय कोणाला एक कागद न देणारी ही मुलगी त्यावर काही बोलली नाही. पाळी सरल्यावर ती खाटेवर आडवी झाली आणि आईने टोचले. पुढेही ती निमूटपणे आडवी होत राहिली. तिचा रागच येतो, पण लहानपणापासून जिला 'गप बस' एवढेच शिकवले, तिच्यावर रागवायचे तरी किती?

भूक खरोखरच मेली. ताटातला भात ताटात राहू लागला, तसा घरात आनंद पसरला. मग बेंबीशेजारी एक गाठ आली. आईने हळद लावली. गाठ लाल झाली, तापली, तिच्यावरून कपडा सरकला तरी सेजल कळवळायची. "औषध लागू पडता," श्रीनाथ म्हणाला, आणि आईने दुसऱ्या बाजूला टोचायला सुरुवात केली. शेवटी पतसंस्थेतच तिला हुडहुडी भरली आणि ती खुर्चीवरून खाली पडली. सोबतच्या बायकांनी तिला परस्पर इस्पितळात नेले, म्हणून ती जगली. घरी आणली असती तर आणखी हळद लागली असती.

पोट कापून पू काढावा लागला. विष रक्तात उतरले होते. डॉक्टरांनी पाण्याबद्दल विचारले, तेव्हा कृष्णनाथांनी भट्टीचे सारे सांगितले, आणि सांगतानाही त्यांची मान ताठ होती.

"गाळलेलं पाणी निर्जंतुक नसतं," डॉक्टर म्हणाले. "मडक्यातून, फडक्यातून, त्या पानावरून, कुठूनही जंतू गेले असतील. आणि पाणी दुकानातलं असतं, तरी ती पूड कसली ते कोणाला ठाऊक? मुळात या मुलीला आजार कोणता होता?"



सेजल शुद्धीवर आल्यावर सुमनबाई प्रवीणला घेऊन भेटायला आल्या. खाटेवर निम्मी मुलगी उरली होती. सुमनबाईंनी तिचे मनगट धरले, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बरी सुकली गो," त्या म्हणाल्या. "देवान आयकलां."

खरे तर लाज वाटायला हवी होती. पण कृष्णनाथांना हायसे वाटले, आणि चंद्रावतीबाईंनी मुलीच्या अंगावरची चादर चापून बसवली, बारीकपणा नीट दिसावा म्हणून.

"पोटार वण रवतलो काय?" सुमनबाईंनी हळूच विचारले.

सेजलने चादर बाजूला केली आणि पोटावरची पट्टी स्वतःच्या हाताने उचलली. जखम अजून उघडीच होती. सुमनबाईंनी पदर नाकाला लावून तोंड फिरवले.

"फिरव नकात तोंड," सेजल म्हणाली. "तुमी मागलां, भावान हाडलां, बापायन गाळलां, आवशीन टोचलां. मी गप रवलंय. सगळ्यांनी मेळान केलां ह्यां. आता बघा."

"दुखण्यान बडबडता ती," कृष्णनाथ घाईने म्हणाले. "मनार घेव नकात."

"बडबडणंय नाय. माका ह्यां लग्न करूचां नाय."

प्रवीण दारात उभा होता. त्याने आईकडे बघितले, आणि आई निघाली तसा तोही निघाला. चंद्रावतीबाई तोंडात पदर कोंबून रडू लागल्या. त्या मुलीसाठी रडत होत्या की मोडलेल्या लग्नासाठी, हे विचारायच्या भानगडीत सेजल पडली नाही.

वैशाखात ती पुन्हा कामावर रुजू झाली. तिथेच तिला कळले, की सुमनबाईंनी पेडण्यात दुसरी मुलगी पसंत केली. त्या मुलीच्या बापाला गावसांच्या घरातले सगळे ठाऊक होते. त्याने सुमनबाईंना एवढेच विचारले, "किती बारीक होयी?"

सेजलने रजा टाकली आणि पेडण्याची बस धरली. वाचकहो, आपल्यापैकी किती जणांनी ती बस धरली असती, ते ज्याने त्याने स्वतःला विचारावे. आपण बहुतेक लग्नाला गेलो असतो.

मुलीच्या बापाने तिला अंगणातच अडवले.

"तुझां लगीन मोडलां, म्हणान माझ्या चेडवाचां मोडूक इलंस?"

"होय," सेजल म्हणाली. "मोडूकच इलंय. तिका भायर बोलवा."